जखम, हळद आणि छापील पुरावा



बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील मराठी गावांत, औराद-भालकी-बसवकल्याणच्या किंवा आळंदच्या शिवारात, तुरीचे रान मोकळे झाले की धसकटांचे दिवस सुरू होतात. कापणीनंतर जमिनीत उरलेला तुरीचा खुंट विळ्याने तिरका तासलेला असतो आणि अनवाणी पायात तो सुरीसारखा घुसतो. असा रक्ताने भरलेला पाय घरी आला की जुनी माणसे एकच गोष्ट करीत आली. चुलीजवळच्या डब्यातून चिमूटभर हळद काढून जखमेत दाबायची आणि वरून जुन्या धोतराची चिंधी घट्ट बांधायची. तीच वस्तू मराठी घरात हळद, कन्नड शेजाऱ्याकडे अरिशिन, दखनी बोलणाऱ्या घरात हल्दी आणि तेलंगणाच्या अंगाला पसुपु. नाव बदलले तरी कृती बदलत नाही. भालकी तालुक्यातील खानापूरला मैलार मल्लण्णाच्या दर्शनासाठी मराठी आणि कन्नड भाविक एका रांगेत उभे राहतात आणि परतताना दोघांच्याही कपाळी एकच भंडारा असतो.

इतक्या घरगुती वस्तूविषयी व्याख्यान कशाला, असे कोणालाही वाटेल. पण २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ क्रमांकाचे एक पेटंट दिले आणि ही घरगुती गोष्ट एकाएकी घरगुती राहिली नाही. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील सुमन दास आणि हरिहर कोहली हे दोन भारतीय वंशाचे संशोधक त्या पेटंटचे जनक होते. जखमेवर हळदीची पूड लावून किंवा ती पोटात देऊन जखम भरून आणण्याची पद्धत, एवढाच त्यांच्या दाव्याचा गाभा होता. गंमत अशी की भारतात हळद औषध म्हणून पूर्वापार वापरली जाते, ही कबुली खुद्द पेटंटच्या मजकुरातच होती. तरीही पेटंट मिळाले. ते कसे मिळाले, हे समजून घेतल्याखेरीज पुढच्या लढ्याचे मर्म कळत नाही.

अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात एक विलक्षण भेद होता. एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना आधीपासून ठाऊक असेल किंवा त्यांच्या वापरात असेल, तर तेवढ्यानेच तिचे नावीन्य संपत असे. अमेरिकेबाहेर मात्र नुसते ठाऊक असणे पुरत नसे. ती गोष्ट कोठेतरी छापून प्रसिद्ध झालेली असावी लागे, नाहीतर तिच्यावर पेटंट तरी झालेले असावे लागे. म्हणजे औरादच्या शंभर आज्यांनी शंभर वर्षे हळद लावली, तरी त्या कायद्याच्या दृष्टीने ते काहीच घडलेले नव्हते. हाच प्रयोग मिसिसिपीतील एका आजीने केला असता तर तो पुरावा ठरला असता. या कलमामागे द्वेष होता असे मानण्याचे कारण नाही. परदेशातील तोंडी वापर तपासायचा कसा, ही अडचण खरी होती. पण तिचा भार पडत होता तो ज्यांचे शहाणपण तोंडी होते त्यांच्यावर.

डॉ. रघुनाथ माशेलकर हे १९९५ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. १ जानेवारी १९४३ रोजी गोव्यातील माशेल येथे जन्मलेला, मुंबईच्या गिरगावात हलाखीत शिकलेला आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची धुरा वाहिलेला हा मराठी शास्त्रज्ञ मूळचा रसायन-अभियंता. जखमा आणि औषधे हा त्यांचा प्रांत नव्हे. तरीही ऑक्टोबर १९९६ मध्ये परिषदेने अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणीचा अर्ज केला. यात परिषदेचा पैशाचा लाभ काही नव्हता. ते पेटंट टिकल्याने भारतातल्या एकाही आजीला हळद लावण्याची बंदी होणार नव्हती, कारण अमेरिकी पेटंट अमेरिकेपुरतेच चालते. हा लढा तत्त्वाचा होता आणि माशेलकरांनी तो तसाच लढवला. पुढे त्यांना ‘हळदीघाटचा योद्धा’ हे नाव पडले, ते याच प्रसंगामुळे.

या योद्ध्याची शस्त्रे मात्र ग्रंथालयाच्या कपाटातून आली. परिषदेने सादर केलेले संदर्भ एकूण ३२ होते. त्यांत संस्कृत होते, हिंदी होते आणि उर्दूही होते. काही शंभर वर्षांहून जुने होते. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक निबंधही त्यांत होता. पेटंटधारकांनी एक बचाव केला, तो ऐकण्याजोगा आहे. पूड वेगळी आणि लेप वेगळा, दोन्हींचे शरीरात शोषण सारखे होत नाही, तेव्हा ग्रंथांतील लेपाचा उल्लेख पुडीच्या दाव्याला लागू पडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. परीक्षकाने ते मानले नाही. १९९७ साली सर्व दावे फेटाळले गेले आणि २१ एप्रिल १९९८ च्या फेरतपासणी-प्रमाणपत्राने त्यावर शिक्कामोर्तब झाले. विकसनशील देशाने आपल्या परंपरागत ज्ञानाच्या आधारे अमेरिकेतले पेटंट रद्द करवून घेतल्याची ही पहिली मोठी घटना मानली जाते.

उर्दू संदर्भांचा उल्लेख या भागातील वाचकाने जरा थांबून ऐकावा. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि दरबाराची, कचेरीची, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर वैद्यकही उर्दूतून शिकवले गेले. त्यामुळे येथील मराठी घरांत आजोबांच्या ट्रंकेत पोथ्यांच्या शेजारी हिकमतीची उर्दू पुस्तके निघावीत, यात नवल नव्हते. पुढच्या पिढीला ती लिपी वाचता येईना आणि ही पुस्तके ‘कुणाच्याच उपयोगाची नाहीत’ म्हणून रद्दीत गेली. ज्या भाषेतील जुन्या छापील पानांनी वॉशिंग्टनला साक्ष दिली, त्या भाषेतील पाने येथे वजनावर विकली गेली, ही गोष्ट बोचणारी आहे. मराठी पुस्तकांची कथा फार वेगळी नाही. शंकर दाजीशास्त्री पदे यांचे ‘आर्यभिषक्’ एके काळी मराठी घरात कुलदैवताच्या टाकाशेजारी असे. आज त्याची जुनी आवृत्ती पाहायची तर ग्रंथालयच गाठावे लागते.

येथवरची कथा विजयाची आहे आणि विजयाच्या कथेत एक धोका असतो. त्या निकालानंतर अनेकांनी असा अर्थ घेतला की, हळदीने जखम बरी होते हे अमेरिकेने मान्य केले. तसे काही झाले नव्हते. परीक्षकापुढचा प्रश्न एवढाच होता की, ही कल्पना नवी आहे काय? तिचे उत्तर ‘नाही’ असे आले. ती कल्पना खरी आहे काय, हा प्रश्न त्या खोलीत कोणी विचारलाच नाही. तो विचारायचा तर ग्रंथांच्या कपाटापासून उठून जखमेपाशी जावे लागते.

जखम झाली की शरीरात काय होते? रक्त वाहू लागताच रक्तातील प्लेटलेट, म्हणजे बिंबिका, फाटलेल्या जागी चिकटतात आणि गुठळी धरते. पण बिंबिका केवळ बूच नव्हेत. त्यांच्या पोटात निरोपांच्या थैल्या असतात आणि गुठळी धरतानाच त्या रिकाम्या होतात. हे निरोप म्हणजे सूक्ष्म प्रथिने. त्यांना सायटोकाईन आणि वृद्धिघटक अशी नावे आहेत. एका पेशीने ते सोडायचे, दुसरीने आपल्या अंगावरच्या ग्राहकाने ते टिपायचे आणि त्या निरोपाप्रमाणे आपल्या केंद्रकातील जनुके चालू किंवा बंद करायची, असा हा व्यवहार आहे. पहिल्या काही तासांत त्या हाकेला पांढऱ्या पेशींची पहिली फळी धावते. ती जंतूंना गिळते आणि तिचीच प्रेते पुवाच्या रूपाने बाहेर येतात. दोन-तीन दिवसांत महाभक्षी पेशी येतात. या केवळ झाडूवाल्या नसून गावच्या पाटलासारख्या आहेत. प्रथम त्या दाहाचे निरोप देतात, साफसफाई झाली की त्याच बांधकामाचे निरोप देऊ लागतात. मग नवे केशवाहिन्यांचे जाळे आणि तंतुपेशी येतात, कोलॅजेनचे धागे विणले जातात आणि जखमेत ते लाल, ओले, कोवळे मांस दिसू लागते. खेड्यात ‘जखम भरून येते’ म्हणतात ती ही अवस्था. खपलीखालून कडेची त्वचा सरकत सरकत मध्यापर्यंत येते. वरून जखम मिटते, पण आत विणलेले धागे उसवून पुन्हा नीट विणण्याचे काम महिनोन्महिने चालते. एवढे करूनही व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.

सुश्रुताने व्रणचिकित्सेचे ६० उपक्रम सांगितले आणि त्यांत शोधन आणि रोपण, म्हणजे जखम स्वच्छ करणे आणि ती भरून आणणे, यांचा भेद केला, हे या ठिकाणी आठवते. निरीक्षण अचूक होते. पण सुश्रुताला सायटोकाईन ठाऊक होते असे म्हणणे हा सुश्रुताचा गौरव नव्हे.

या निरोप्यांपैकी एकाची हकीकत सांगण्यासारखी आहे. त्याचे नाव टीजीएफ-बीटा. १९८६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील अनिता रॉबर्ट्स, मायकेल स्पोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नवजात उंदरांच्या कातडीखाली टोचले, तेव्हा जखम नसतानाही तेथे कोवळे मांस धरले. तेव्हा वाटले, जखम भरणारा निरोप्या सापडला. मग त्या निरोप्याचे जनुकच काढून घेतले तर काय होईल, असा पुढचा प्रश्न होता. १९९२ साली एका गटाने आणि १९९३ साली त्याच राष्ट्रीय आरोग्य संस्थांतील अशोक कुलकर्णी व सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार करून त्याचे उत्तर दिले. पिल्ले जन्मली ती वरकरणी धडधाकट होती. पहिले दोन आठवडे ती बरी वाढली. नंतर ती झडू लागली आणि साधारण तीन-चार आठवड्यांची होईतो मेली. हृदय, फुप्फुसे, जठर अशा एकामागून एक अवयवांत दाह पसरला होता. बाहेरून कोणतीही जखम नव्हती. बांधकामाचा निरोप देणाराच दाहाला ‘आता पुरे’ असेही सांगत असतो, हे त्या पिल्लांनी दाखवून दिले. याहून चमत्कारिक गोष्ट १९९९ साली पुढे आली. हा निरोप पेशीच्या आत केंद्रकापर्यंत वाहून नेणारे स्मॅड-३ नावाचे एक प्रथिन आहे. ते नसलेल्या उंदरांच्या कातडीवरील जखमा उशिरा नव्हे, उलट लवकर मिटल्या. म्हणजे अमुक सायटोकाईन चांगले आणि तमुक वाईट अशी वाटणी करता येत नाही. निरोप कोणता, यापेक्षा तो केव्हा आला, किती आला आणि वेळेवर थांबला की नाही, यावर सगळे अवलंबून आहे.

आता हळदीकडे वळावे. तिचा पिवळा रंग ज्या द्रव्याने येतो ते कर्क्युमिन १८१५ साली वेगळे काढले गेले आणि त्याची रचना १९१० साली ठरली. सुक्या हळदीत ते साधारण दोन ते पाच टक्के असते. ज्या १९९५ साली ते पेटंट मिळाले त्याच साली एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. पेशीच्या आत दाहाची घंटा वाजवणारा एनएफ-कॅपा-बी नावाचा एक घटक आहे आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत कर्क्युमिन त्याला रोखते, असे त्यात दाखवले होते. १९९८ साली उंदीर आणि गिनीपिग यांच्या जखमा कर्क्युमिनने लवकर भरतात आणि तेथे टीजीएफ-बीटा वाढलेले दिसते, असेही प्रसिद्ध झाले. आजीचे शहाणपण आणि रेणूंचे शास्त्र आता एकमेकांना भेटणार, असा तो काळ होता.

ती भेट अजून व्हायची आहे. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, पोटातून रक्तात फारसे पोहोचत नाही आणि पोहोचले तरी लवकर मोडते. शिवाय ते इतक्या निरनिराळ्या प्रथिनांना चिकटते आणि स्वतःच चमकते की प्रयोगशाळेच्या चाचण्यांना फसवते. जे औषध प्रत्येक चाचणीत ‘होय’ म्हणते त्याच्या होकाराला किंमत काय, हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांनी विचारला. २०१७ साली अशाच एका सविस्तर आढाव्याने सांगितले की, रुग्णाला आणि डॉक्टरलाही औषध कोणते ते कळू न देता केलेल्या काटेकोर चाचण्यांत कर्क्युमिन कोठेही निर्विवाद यशस्वी ठरलेले नाही. या क्षेत्रातील एका मोठ्या प्रयोगशाळेचे बरेच निबंध नियतकालिकांनी मागे घेतले, हेही येथे लपवून उपयोगी नाही. हळदीला जंतुरोधक गुण नाहीत किंवा ती दाहावर काहीच करीत नाही, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की, स्वयंपाकघरातल्या चिमटीने जखमेतल्या निरोपांचे वेळापत्रक सुधारते, हे सिद्ध झालेले नाही. धसकटाच्या जखमेवर आजीने घट्ट बांधलेल्या चिंधीने रक्त थांबवले, त्याचे श्रेयही बहुधा हळदीच्या खात्यावर जमा झाले असावे.

हळदीचा निकाल लागत होता त्याच सुमारास, डिसेंबर १९९७ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बेकाप्लर्मिन नावाच्या मलमाला परवानगी दिली. बिंबिकांच्या थैलीतलाच एक वृद्धिघटक किण्वपेशींकडून तयार करवून ते बनवले होते आणि मधुमेह्यांच्या पायावरील न भरणाऱ्या व्रणांसाठी ते होते. इतका विचारपूर्वक घडवलेला उपायही सर्वांना सारखा लागू पडला नाही. २००८ मध्ये त्यावर कर्करोगाच्या जोखमीचा ठळक इशारा छापावा लागला आणि दहा वर्षांनी तो काढून टाकण्यात आला. जखमेतला निरोप बाहेरून पाठवणे किती कठीण आहे, याची कल्पना यावरून यावी.

ही चर्चा केवळ विद्वानांची नाही. मधुमेह आता शहरापुरता उरलेला नाही आणि मधुमेह्याचा पाय बधिर असतो. धसकट घुसले तरी त्याला कळत नाही. त्याच्या जखमेतील महाभक्षी पेशी दाहाच्या निरोपावरच अडकून पडतात, बांधकाम सुरूच होत नाही आणि आठवड्यामागून आठवडे जखम ओली राहते. अशा वेळी ‘हळद लावली आहे, भरेल’ या विश्वासाने घालवलेला प्रत्येक दिवस पायाच्या बोटाचा, कधी पायाचा, हिशोब करीत असतो. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात आणि हळद त्यांना अडवत नाही. त्याला लसच हवी. सुश्रुतापासून १९५३ च्या निबंधापर्यंत ३२ साक्षीदार उभे केले तरी हे बदलत नाही.

वैज्ञानिक परिषदेने हळदीच्या लढ्यातून एक धडा घेतला. प्रत्येक पेटंटमागे असे धावणे परवडणारे नव्हते. म्हणून २००१ पासून परंपरागत ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारले गेले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा पद्धतींच्या ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत उतरवून ठेवायचे आणि पेटंट तपासनिसाला ते आधीच पाहता यावेत, अशी ही योजना. युरोपच्या आणि अमेरिकेच्या पेटंट कार्यालयांशी २००९ साली करार झाले. काम मोठे आहे. पण त्याचा आधार आहे तो प्रमाण मानलेल्या ग्रंथांचा. १९५६ साली बीदर जिल्ह्याची वाटणी होऊन उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. घराण्यांबरोबर त्यांची दप्तरेही विभागली गेली. त्या दप्तरांत मोडीतल्या औषधांच्या चोपड्या असतात. द्रव्याचे नाव कानडी, माप तोळ्यामाशांचे, अनुपान मराठी आणि रोगाचे नाव हकिमाच्या तोंडचे, अशी त्यांची भाषा असते. त्या कोणत्याही प्रमाणग्रंथांच्या यादीत बसत नाहीत.

अमेरिकेचा कायदा पुढे बदलला. २०११ साली संमत झालेल्या आणि १६ मार्च २०१३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने देशातला वापर आणि परदेशातला वापर हा भेद काढून टाकला. जगात कोठेही एखादी गोष्ट लोकांच्या उघड वापरात असेल, तर ती आता तेथेही नावीन्याच्या आड येते. औरादच्या आजीला या कायद्याने अखेर मिसिसिपीच्या आजीच्या पंक्तीत बसवले आहे. मात्र तो वापर केव्हापासूनचा, हे तपासनिसाला दाखवावे लागते आणि मोडी चोपडीवर बहुधा तिथी असते, साल नसते.